दिसणं चाकाचं, भार टायरचा

प्रश्न : माझ्या सातआसनी गाडीला १८५/६५ आर १५ ८८ हे टायर आहेत. १६ इंची अलॉय आणि १९५/५५ टायर बसवू का? कुटुंबासह संगमनेर-नगर फेऱ्या सतत असतात. – वाचक, संगमनेर

उत्तर : माप जुळतं. दोन्ही टायरांची उंची साधारण ६२१ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकणार नाही. अडचण शेवटच्या आकड्याची आहे, आणि दुकानात तो क्वचितच कोणी दाखवतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ बहुधा ८७ चा येतो, म्हणजे ५४५ किलो. मागच्या दोन टायरांत मिळून तीस किलोंची घट, तीही सात माणसं आणि सामान असताना! ते घेऊ नका. याच मापात ९१ एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) मिळतो, ६१५ किलोंचा, तोच मागा. मात्र एक्सएलला हवा थोडी जास्त लागते. किती, ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा.

चाकाचं पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) मूळ चाकाशी जुळायला हवं. चाकावर कोरलेली भारक्षमताही वाचा. आयएसआय चिन्ह नसलेलं स्वस्त चाक नको. नगरजवळच्या व्हीआरडीईसारख्या संस्थांत वाहनांच्या चाचण्या होतात त्या कंपनीने ठरवलेल्या चाक-टायरांवर. तुमची नवी जोडी त्यात नसते.

माझं मत विचाराल तर १५ इंचीच अलॉय घ्या. टायरची बाजू उंच राहते, खड्ड्यात रिम वाचते.