घरच्या बाभळीची घरीच बाज



शहागडच्या परिसरात गोदाकाठच्या काळ्या जमिनीत ऊस, कापूस आणि मोसंबी यांच्या जोडीला बांधावरची बाभूळ ठरलेली असते. ती बहुधा कोणी लावलेली नसते. शेळ्यांच्या लेंड्यांतून बी पडते, काट्यामुळे रोप वाचते आणि पंधरा-वीस वर्षांत बांधावर चांगले जून झाड उभे राहते. पूर्वी त्यातून नांगर, कुळव, गाडीची चाके आणि अवजारांचे दांडे निघत. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आले तशी ही मागणी संपली. आता अशी बाभूळ बहुतेक वेळा उक्ती विकली जाते आणि भट्टीत जळते. आलेल्या पैशात आपलेच पैसे घालून आपण भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा पलंग आणतो. त्याला एकदा ओल लागली की कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. मग तो दुरुस्तही होत नाही.

सन 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. टँकरने पाणी घालूनही झाडे हातची गेली आणि लोकांनी ती मुळासकट काढून सरपणाला लावली. मोसंबीचे लाकूड पिवळसर, बारीक पोताचे आणि कठीण असते, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. खोड बारीक असल्यामुळे त्याच्या फळ्या निघत नाहीत, परंतु तिवईचे पाय, खुंट्या, लाटणे आणि विळ्या-खुरप्याच्या मुठी उत्तम होतात. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग गेली तरी तिची एक तिवई घरात राहिली असती.

या लेखात बाभळीची बाज घरच्या घरी कशी करावी ते दिले आहे. बाजच निवडण्याचे कारण असे की, तिला रुंद फळ्या लागत नाहीत, खिळे लागत नाहीत आणि हत्यारेही मोजकीच लागतात. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात ओसरीत आणि हरभरा राखायला शेतात अशी ती वर्षभर उपयोगी पडते. हा धंदा म्हणून सांगत नाही. रिकाम्या दिवसांतला हा छंद आहे आणि त्यात घरातील मुलामुलींनी हात घालावा अशी अपेक्षा आहे.

झाडाची निवड

बाभळीचे तीन प्रकार आपल्याकडे ओळखले जातात. तेलिया बाभळीचे लाकूड सर्वांत चांगले असते. रामकाठी सरळसोट वाढते. कवडी बाभळीचे लाकूड मात्र सरपणाच्याच लायकीचे समजावे. वेडी बाभूळ हे वेगळेच झाड असून तिच्या वाकड्या खोडातून सात फुटांचा सरळ तुकडा मिळणे कठीण असते.

एका बाजेसाठी सात फूट लांब आणि मध्यावर सुमारे 90 से.मी. घेर असलेला एक ओंडका पुरे होतो. त्याचे घनफळ साधारण पावणेपाच घनफूट भरते. आतील तांबूस-तपकिरी लाकूड टिकाऊ असते. सालीलगतचे पांढरट लाकूड भुंगेऱ्यांचे खाद्य आहे, ते कामातून शक्य तेवढे वगळावे.

साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत येतात आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभळीच्या बाबतीतही तोडण्यापूर्वी आणि लाकूड सॉ मिलला नेण्यापूर्वी वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करावी. सामाईक बांधावरचे झाड असेल तर शेजाऱ्याला आधी विचारावे. एका झाडावरून भावकीत वर्षानुवर्षे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. एक झाड तोडले तर त्याच बांधावर वाढणारी दोन रोपे काठीचा आधार देऊन सरळ वाढवावीत.

लाकूड मुरवणे व वाळवणे

घरगुती सुतारकामातील निम्म्याहून अधिक फजिती ओल्या लाकडामुळे होते. या लेखकाने पहिला चौरंग ताज्या कडुनिंबाचा केला. पाडव्याला तो देखणा दिसत होता. वैशाखात त्याची फळी पन्हाळ्यासारखी वळली आणि पाय सांध्यातून हलू लागले. चूक हत्याराची नव्हती, घाईची होती.

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. त्यातही वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितके आटते, त्याच्या साधारण निम्मे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आटते. या फरकामुळे फळी वळते आणि गाभा मध्ये ठेवून चिरलेला वासा हमखास तडकतो. म्हणून ओंडका वासा म्हणून अखंड ठेवू नये. तो उभा चिरून चार फाका कराव्यात. गाभ्याचा मध्यबिंदू प्रत्येक फाकेच्या एका कोपऱ्यावर येतो आणि रंध्याने तो कोपरा सहज काढून टाकता येतो.

चार फाकांचा हिशोबही सोपा आहे. एका फाकेतून चार पाय निघतात, दोन फाकांतून लांबीच्या दोन दांड्या आणि चौथीतून रुंदीच्या दोन दांड्या निघतात. सॉ मिलवर पायांची फाक 8.5 से.मी. चौरस आणि दांड्यांच्या फाका 7 × 6 से.मी. अशा काढून घ्याव्यात. वाळल्यावर आणि रंधल्यावर योग्य माप उरते.

जुने सुतार बाभळीचा ओंडका चिरण्यापूर्वी पाण्यात मुरवत असत. त्यामागे शास्त्र आहे. पाण्यात लाकडातील पिष्टमय अंश निघून जातो आणि पिठासारखा भुसा पाडणाऱ्या भुंगेऱ्याला खाद्य उरत नाही. दिवाळीनंतर झाड तोडून ओंडका संक्रांतीपर्यंत पाण्यात ठेवावा. तो पूर्ण बुडालेला असावा, कारण अर्धा पाण्यात आणि अर्धा वर राहिला तर कुजतो. गोदावरीच्या पात्रात ओंडका सोडू नये, पाणी सुटले की तो पुन्हा दिसत नाही. अस्तर घातलेल्या शेततळ्यातही टाकू नये. प्लॅस्टिक फाटले तर एका बाजेपायी तळे रिकामे व्हायचे. पिण्याच्या विहिरीचा तर प्रश्नच नाही. जुना हौद किंवा खड्डा वापरावा आणि वर दगड ठेवावेत.

मुरवण्याची सोय नसेल तर चिरल्याबरोबर, लाकूड ओले असतानाच, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण लावावे. 10 लिटर कोमट पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशाने तीन हात द्यावेत. नंतर लाकूड आठवडाभर प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकावे, म्हणजे औषध आत शिरते. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून ते घरातल्या वस्तूंसाठीच योग्य आहे. मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाशी ते जाणार नाही याची काळजी घ्यावी.

वाळवण्यासाठी गोठ्याच्या किंवा ओसरीच्या सावलीची जागा निवडावी. जमिनीपासून एक फूट उंच विटांवर फाका मांडाव्यात आणि दोन थरांमध्ये दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या द्याव्यात. सर्व पट्ट्या एकाखाली एक, ओळंब्यात असाव्यात. त्या मागेपुढे झाल्या तर लाकूड त्याच आकारात वाकते. फाकांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा जुना तैलरंग जाड लावावा, कारण टोकाकडून पाणी फार वेगाने उडते आणि लाकूड तडकते. एप्रिल-मे महिन्यांत उष्ण वारा थेट लागू नये म्हणून बाजूने पोती लावावीत. लवकर वाळावे म्हणून उन्हात ठेवलेली बाभूळ उभी फाटते.

एक इंच जाडीची फळी आपल्या हवेत तीन-चार महिन्यांत वाळते. सहा-सात से.मी. जाडीच्या दांड्यांना मात्र एक वर्ष धरून चालावे. खात्री करायची असेल तर थरातील एका फाकेवर खडूने खूण करून दर पंधरवड्याला तिचे वजन करावे. उन्हाळ्याच्या दिवसांत सलग तीन वेळा वजन तेवढेच भरले, तर लाकूड हवेशी जुळले असे समजावे. म्हणजे या दिवाळीला तोडलेल्या झाडाची बाज पुढच्या वर्षी रब्बी ज्वारीच्या काढणीनंतर, उन्हाळ्यात होईल. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी तोवर मोसंबीच्या फांद्यांची तीन पायांची तिवई करून हात बसवावा. तीन पायांची वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही.

हत्यारे

करवत, रंधा, एक इंची आणि अर्धा इंची पटाशी, मोगरी, गिरमिट, गुण्या, मार्किंग गेज आणि धार लावायचा दगड एवढे पुरेसे आहे. वाळलेली बाभूळ बोथट पटाशीला दाद देत नाही, उलट हत्यार निसटून हाताला लागते. दर अर्ध्या तासाने धार लावावी आणि डावा हात कधीही पटाशीच्या पुढे ठेवू नये. गावात सुतार असेल तर पहिला सांधा त्यांच्या देखरेखीखाली करावा. त्यांचा वेळ हीच त्यांची रोजी आहे, तेव्हा मोबदला आधी ठरवून द्यावा.

चौकट तयार करणे

तयार बाज 180 × 90 से.मी. धरली आहे. पाय 45 से.मी. लांब आणि 7.5 से.मी. चौरस घ्यावेत. लांबीच्या दांड्या 180 से.मी. आणि रुंदीच्या 90 से.मी. कापाव्यात. दांडी 6 से.मी. उंच आणि 5 से.मी. जाड असावी. प्रत्येक टोकाला 7.5 से.मी. लांबीचे कुसू काढायचे असल्याने पायांच्या आत 165 × 75 से.मी. मोकळी जागा राहते.

खरी मेख कुसवांत आहे. एकाच पायात दोन दिशांनी दोन कुसवे आरपार जातात. ती एकाच उंचीवर आली तर एकमेकांना अडवतात. म्हणून लांबीच्या दांडीचे कुसू तिच्या वरच्या भागातून आणि रुंदीच्या दांडीचे खालच्या भागातून काढावे. दोन्ही 2.5 × 2.5 से.मी. ठेवावीत. मध्ये 1 से.मी. लाकूड शिल्लक राहते आणि चारही दांड्यांची वरची कड एका पातळीत येते. पायात दांडीच्या वर 5 से.मी. लाकूड राहिलेच पाहिजे, नाहीतर पायाचे डोके चिरते.

पायातील भोके गिरमिटाने दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी पाडावीत आणि कोपरे पटाशीने साफ करावेत. एकाच बाजूने आरपार पाडल्यास पलीकडची कड फुटते. आधी भोक पूर्ण करावे आणि मग त्याच्या मापाने कुसू तासावे, कारण कुसू बारीक करता येते, भोक लहान करता येत नाही. मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी ते आत जावे. हाताने सहज गेले तर सैल आहे, जोराचे घाव घालावे लागले तर पाय फुटेल.

दांड्यांपैकी एखादी किंचित बाकदार असली तर तिचा फुगवटा बाहेरच्या बाजूस ठेवावा. विणीचा ताण दांड्यांना आत ओढतो आणि पुढे ती सरळ होते. हाच ताण कुसवांचे खांदे पायांवर दाबून धरतो, म्हणून बाजेला खिळा किंवा सरस लागत नाही. दोरी जितकी ताठ, तितका सांधा घट्ट. चौकट जोडल्यावर आतील दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, म्हणजे सुमारे 181 से.मी. भरले पाहिजेत. फरक असल्यास लांब कर्णाच्या टोकांवर मोगरीने ठोकून जुळवावे. तयार चौकटीचे वजन 20 किलोच्या आसपास होते. ही बाज उचलायला दोघे लागतात.

तेल देणे

दांड्यांच्या कडा गोल करून, पॉलिश पेपरने घासून पक्के जवस तेल फडक्याने चोळावे. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून घ्यावे आणि दोन दिवसांच्या अंतराने असे तीन हात द्यावेत. करडईचे तेलही वाळणाऱ्या तेलांपैकी आहे, पण त्याला वेळ जास्त लागतो. शेंगदाण्याचे तेल वापरू नये. ते वाळत नाही, चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा केलेल्या फडक्यात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. जवळ कडबा किंवा वेचलेला कापूस असेल तर काय होईल हे सांगायला नको. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

पायांची तळटोके गरम डांबरात दोन बोटे बुडवावीत, म्हणजे अंगणातील वाळवी आणि ओल वर चढत नाही.

विणणे

पूर्वी मराठवाड्यात पिकाच्या कडेला अंबाडी असे आणि तिच्या वाखाच्या दोरीने घरोघरी बाजा विणल्या जात. आज ती दोरी मिळाली तर तीच घ्यावी. नाहीतर सुती नवार बरी पडते. 5 से.मी. रुंदीची नवार लांबीत 12 आणि रुंदीत 24 पट्टे घेतल्यास सुमारे 50 मीटर लागते. आधी लांबीचे पट्टे ताणावेत, मग आडवे पट्टे एक वर, एक खाली असे ओवावेत. हे काम आजी-आजोबांकडून शिकून घ्यावे. विणीचे नमुने त्यांच्या बोटांत असतात, कागदावर ते नीट उतरत नाहीत.

पायथ्याकडे एक वीत जागा सोडून तेथे वेगळी ताणदोरी ओवावी. नवी वीण पहिल्या पंधरा दिवसांतच झोळीसारखी सैल होते. तेव्हा सगळी वीण न उसवता ही एकच दोरी ओढून बाज ताठ करावी. पुढे दर पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमारास, ती पुन्हा एकदा ओढावी आणि त्याच वेळी चारही पायांचे सांधे हाताने हलवून पाहावेत.