चाकू घेताय? आधी पातं मोजा

घडीचे चाकू जमवण्याचा छंद हजार-दोन हजारांत सुरू होतो. चुकीचा चाकू खिशात घालून बाहेर पडलात, तर तोच छंद वकिलाच्या फीपर्यंत जातो. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: चाकू उघडतो कसा आणि पातं किती लांब. ब्रँड, मूठ, पोलाद हे सगळं नंतर.

कोणता घ्यावा

पात्यावरच्या खाचेत नख घालून हाताने उघडायचा चाकू घ्या. पातं तीन इंचांच्या, म्हणजे 7.62 सेंटिमीटरच्या आत ठेवा. बटण दाबून किंवा स्प्रिंगने उघडणारा चाकू टाळा, रामपुरी पद्धतीचा खटक्याचाही टाळा. दिल्लीत 29 ऑक्टोबर 1980 च्या अधिसूचनेने असे बटणाचे, स्प्रिंगचे आणि इतर यांत्रिक खटक्याने उघडणारे चाकू शस्त्र कायद्याच्या कक्षेत आणले. त्यासाठी पात्याचं माप ठरवलं आहे: लांबी 7.62 सेंटिमीटर किंवा जास्त, रुंदी 1.72 सेंटिमीटर किंवा जास्त. मुंबईहून दिल्लीला जाताना बॅगेत काय आहे, हे या मापाने तपासा.

देशपातळीवर शस्त्र नियम, 2016 लागू आहेत. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं त्यांत येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली अवजारं वगळलेली आहेत. मात्र या सवलतीवर विसंबून राहू नका. शेतात चालणारा कोयता रात्री शहरात दुचाकीच्या डिकीत सापडला, तर तो तिथे कशासाठी होता याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

महाराष्ट्रात खरी अडचण कुठे

अडचण मनाई आदेशाची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, सुरे, लाठ्या बाळगण्यावर बंदी घालतात. सण, निवडणूक, मोर्चा, तणाव, कारण कोणतंही असू शकतं. हा आदेश ठरावीक काळापुरता असतो, पण एक संपला की दुसरा निघू शकतो. आदेश मोडला तर कलम 135 खाली किमान चार महिने, कमाल एक वर्ष कैद आणि वर दंड. किमान शिक्षेपेक्षा कमी द्यायची असेल, तर न्यायालयाला कारण लिहून ठेवावं लागतं. घराबाहेर चाकू नेण्याआधी जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा वर्तमानपत्रात चालू आदेश पाहा. यात पाच मिनिटं जातात, पैसे लागत नाहीत.

खर्च किती

विक्टोरिनॉक्सचा छोटा क्लासिक किंवा घडी घातल्यावर 91 मिलिमीटरचा स्पार्टन साधारण दीड ते तीन हजारांत येतो. फ्रान्सचा ओपिनेल साधारण दीड ते अडीच हजारांत. ओपिनेल घेताना क्रमांक पाहा: आठ क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटिमीटर आहे, सहा क्रमांकाचं सात. खिशासाठी सहा क्रमांक, आठ क्रमांक घरी संग्रहात. कार्बन पोलाद स्वस्त असतं, पण लिंबू-कांदा कापून तसंच ठेवलं की गंजतं; तेलाची बाटली आणि धारेचा दगड खर्चात धरा. विक्टोरिनॉक्सच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं. ते नसेल आणि भाव अर्धा असेल, तर तो नकली आहे.

परदेशातून मागवणार असाल तर संकेतस्थळावरच्या किमतीला फसू नका. सीमाशुल्क फक्त चाकूच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. त्यावर अधिभार, मग आयजीएसटी, मग कुरिअर कंपनीचं वेगळं प्रक्रिया शुल्क, आणि पार्सल अडकलं तर साठवणुकीचं भाडं. बटणाचा चाकू सीमाशुल्क विभागाने जप्त केला तर विक्रेता सहसा पैसे परत करत नाही. मागवण्याआधी परताव्याची अट लेखी घ्या.

‘ऑनलाइन मिळतो, म्हणजे कायदेशीर आहे’ ही समजूत सगळ्यात महाग पडते. 2018 मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी पकडले होते. घेणाऱ्यांचीही चौकशी होते, हे लक्षात ठेवा.

प्रवासात

विमानात चाकू केबिन बॅगेत चालत नाही, कितीही छोटा असला तरी सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जाऊ शकतो. गुंडाळून चेक-इन सामानात टाका. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला क्लासिक घरून निघतानाच काढा. मेट्रोने जाणार असाल तरी हेच करा.

मुलगा किंवा मुलगी ब्रिटनला शिकायला जात असेल, तर तिथला नियम आधी सांगा. तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, पातं लॉक न होणारा घडीचा चाकू बाळगता येतो. लॉकचा चाकू सबळ कारणाशिवाय नाही, म्हणजे लॉकचं कडं असलेला ओपिनेल नको. बटणाचा चाकू तर 14 जुलै 2021 पासून इंग्लंड-वेल्समध्ये घरात ठेवणंही गुन्हा आहे. जर्मनीनेही 31 ऑक्टोबर 2024 पासून बटणाचे चाकू मोजके अपवाद सोडून बंद केले. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो: कॅलिफोर्नियात बटणाच्या चाकूचं पातं दोन इंचांच्या आत हवं. आजोबांचा रामपुरी चाकू आठवण म्हणून परदेशात कुणाला पार्सल करू नका.

पोलिसांनी अडवलं तर

वाद घालू नका, चाकू स्वतःहून हातात काढून दाखवू नका; कुठे आहे ते सांगा. मोबाइलमध्ये ठेवलेलं बिल आणि बाळगण्याचं कारण दाखवा: ट्रेक, फळं, वायर कापणं. ‘संरक्षणासाठी ठेवलाय’ असं म्हणालात, तर तुमच्याच तोंडून चाकू हत्यार ठरतो. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 खाली आवश्यक आहे. जप्तीच्या यादीची प्रत मागा. अटक झाली तर कारण सांगणं आणि नातेवाइकाला कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक लावा. ‘इथेच मिटवू’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. लाच देणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि पहिला त्याने मिटत नाही. गुन्हा नोंदला गेला तर तो पुढे पासपोर्ट आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत आडवा येतो.

आजच करा

घरातला प्रत्येक चाकू फूटपट्टीवर मोजा. बिलांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. संग्रह कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. खिशात न्यायचा एकच ठेवा: हाताने उघडणारा, तीन इंचांच्या आतला. आणि तोही कामापुरताच न्या.