कावीळ : पाण्याची आणि रक्ताची

कावीळ हे एका रोगाचे नाव नसून यकृताला झालेल्या इजेचे ते दृश्य लक्षण आहे, ही बाब रुग्णांच्या अनेक आप्तेष्टांस अपरिचित असते. यकृतदाह घडविणारे प्रमुख विषाणू पाच असून त्यांस ए, बी, सी, डी व ई अशी नावे आहेत. पैकी ए व ई हे दूषित पाणी व अन्न यांवाटे, तर उर्वरित तीन रक्त व शरीरस्राव यांवाटे पसरतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. उपचारांविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार नाही. तथापि शहरात हा रोग कसा शिरतो, हे जाणण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

दिल्लीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासनीय आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेवरील वझिराबाद येथे, जेथून शहरासाठी पाणी उचलले जाई, तेथवर पोहोचले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग वाढले नाहीत, आणि पाणी निर्धोक झाले असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु विषाणू टिकून राहिला. डिसेंबर ते जानेवारी या अल्प काळात सुमारे २९ हजार नागरिकांस कावीळ झाली. हुंडीला मुदत असते, तशी या विषाणूलाही असते : शरीरात शिरल्यापासून दोन ते दहा आठवड्यांनी तो प्रकट होतो. तोवर दूषित पाणी वाहून गेलेले असते.

हा ए विषाणूचा प्रताप, असे पुढे पंचवीस वर्षे मानले गेले. १९८० साली त्या साथीतील रक्ताचे जपून ठेवलेले नमुने नव्या चाचणीने तपासले असता तो ए नव्हे, असे सिद्ध झाले. या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय. त्या अनोळखी विषाणूस आज आपण ई म्हणून ओळखतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही याच विषाणूची.

मग शुद्धीकरण केंद्र उत्तम असूनही साथ का येते? आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते आणि शेजारच्या गटारातील पाणी तिच्या फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. नळालाच थेट मोटार लावणारी सोसायटी हा ओढा अधिक वाढविते. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. घरच्या नळाला ओ. टी. चाचणीत क्लोरीन आढळत नसेल, तर महापालिकेस तत्काळ कळवावे व पाणी उकळूनच प्यावे.

येथे एक कळकळीची विनंती. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरविण्याची’ प्रथा सुशिक्षित घरांतही आहे. ई विषाणूची कावीळ बहुतांश रुग्णांत आपोआप बरी होते, म्हणून त्या उपायास श्रेय मिळते. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ही बाधा झाल्यास २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. अशा भगिनीस डोळे पिवळे दिसताच रुग्णालयात आणावे, एक दिवसही दवडू नये.

बी व सी यांची गोष्ट निराळी. ते अनेक वर्षे गुपचूप राहून यकृत निकामी करू शकतात. पुन्हा वापरलेली सुई, न तपासलेले रक्त, न्हाव्याचा तोच वस्तरा, निर्जंतुक न केलेली गोंदण्याची सुई ही त्यांची साधने. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली बी विषाणूची जी घातक साथ आली, तिचे मूळ पुन्हा वापरलेल्या सिरिंजमध्ये होते. सुईचे वेष्टन आपल्यासमोर फोडावयास सांगण्यात कोणताही उद्धटपणा नाही. बीवर परिणामकारक लस असून नवजात बालकास ती पहिल्या २४ तासांत द्यावयाची असते. घरात एकास बी आढळल्यास इतरांचीही तपासणी व्हावी. सी तर आता बहुतेकांत १२ ते २४ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये बी व सी यांची तपासणी व औषधे नेमलेल्या शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.