झाइसबर्गरची रोजनिशी

रोजनिशी लिहावयास सांगितली, की वर्गातून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते : "सर, रोज रोज लिहिण्यासारखे घडते तरी काय?" या तक्रारीस उत्तर म्हणून एका जुन्या हस्तलिखिताची ओळख करून देण्याचे मी योजिले आहे. हे हस्तलिखित जर्मन भाषेत असून ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ओहायो प्रांतातील अरण्यात लिहिले गेले. लिहिणाऱ्याचे नाव डेव्हिड झाइसबर्गर.

हा मनुष्य १७२१ साली मोरेव्हियात जन्मला आणि मोरेव्हियन मंडळीचा मिशनरी म्हणून त्याने आपले आयुष्य अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत घालविले. मोरेव्हियन लोकांचे नाव आमच्या वाचकांस कदाचित अपरिचित असेल. परंतु १८०५ साली मराठीचे व्याकरण छापून प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम केरीसाहेबांनी १७९२ च्या आपल्या पुस्तकात मिशनकार्याचा कित्ता म्हणून याच मंडळीकडे बोट दाखविले होते. या मंडळीचा एक शिरस्ता असे. प्रत्येक ठाण्यावरील मिशनऱ्याने रोजनिशी ठेवावी, तिच्या नकला पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम गावी (पॅलेस्टाइनमधील नव्हे!) व जर्मनीत हेर्नहूट येथे पाठवाव्यात आणि दूरच्या मंडळ्यांनी त्या एकत्र बसून ऐकाव्यात. म्हणजे ही रोजनिशी स्वतःपुरती नसून हजारो कोसांवरील बांधवांकरिता होती.

१७७२ पासून झाइसबर्गर व त्याचे सहकारी यांनी टस्करावस नदीच्या काठी लेनापी, म्हणजे डेलावेअर, जातीच्या ख्रिस्ती कुटुंबांची गावे वसविली. शोनब्रुन म्हणजे 'सुंदर झरा', ग्नाडेनहुटन म्हणजे 'कृपेच्या झोपड्या'. पुढे सालेमही वसले. जंगल तोडून मका पेरणारे हे लोक होते. लाकडी घरे, उपासनामंदिर, शाळा, सर्व काही त्यांनी उभे केले. १७७६ साली मुलांच्या शाळेकरिता झाइसबर्गरने डेलावेअर व इंग्रजी अशा दोन भाषांतील वाचनपाठांचे पुस्तक फिलाडेल्फियास छापून घेतले. रोजनिशीत याच जीवनाच्या नोंदी आहेत : आज पाऊस झाला, पेरणी आटोपली, अमक्याचा बाप्तिस्मा झाला, मंडळी मेपलच्या झाडांपासून साखर काढावयास रानात गेली. तुम्ही ज्याला 'काहीच घडले नाही' म्हणता, ते हेच.

परंतु गावे होती दोन शत्रूंच्या मध्ये. पूर्वेस पिट किल्ला अमेरिकनांच्या हाती. उत्तरेस डेट्रॉइट इंग्रजांच्या. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या टोळ्या याच वाटेने जात आणि सरहद्दीवरील गोऱ्या वसाहतवाल्यांची घरे जाळीत. ख्रिस्ती लेनापींनी शस्त्र न धरण्याचा निश्चय केला होता. त्यामुळे दोन्ही पक्षांस ते संशयित वाटत. मिशनरी मात्र सर्वस्वी अलिप्त राहिले, असे मुळीच नाही. येऊ घातलेल्या हल्ल्यांची बातमी झाइसबर्गर व हेकेवेल्डर हे गुप्तपणे पिट किल्ल्यास कळवीत. ती पत्रे किल्ल्यावरील अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात सापडतात. एकट्या रोजनिशीवर विसंबून इतिहास लिहू जाल तर फसाल, ते यासाठी. माणूस खोटे न लिहिताही पुष्कळ काही न लिहिता राहू शकतो, आणि शत्रूच्या हाती पडू शकणाऱ्या कागदावर तर तो राहणारच.

१७८१ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या बाजूच्या टोळ्यांनी या सर्वांस गावांतून उठविले व सँडस्की नदीकडे नेले. पीक शेतात उभेच राहिले. मिशनऱ्यांची डेट्रॉइट येथे चौकशी होऊन ते निर्दोष सुटले. पण त्या हिवाळ्यात उपासमार इतकी झाली, की फेब्रुवारी १७८२ मध्ये शंभराहून अधिक माणसे, बायकामुलांसह, जुन्या शेतांतील मका खुडून आणण्यासाठी परत गेली.

त्याच सुमारास सरहद्दीवर वसाहतवाल्यांची काही माणसे मारली गेली होती. सूड घेण्यास पेनसिल्व्हेनियाची नागरी फौज डेव्हिड विल्यमसनच्या हाताखाली निघाली, ती या शेतांवर येऊन पोहोचली. 'तुम्हांस पिट किल्ल्यावर सुरक्षित नेतो, तेथे अन्न मिळेल,' असे सांगून त्यांनी बंदुका काढून घेतल्या. लोकांनी विश्वास ठेविला. नंतर घरांत सापडलेली भांडीकुंडी व घोडे हे लुटीचेच असले पाहिजेत असा आरोप झाला, जणू शेतकरी ख्रिस्ती इंडियनाच्या घरी जस्ती बशी असूच शकत नाही! सैनिकांनी मत घेतले. सोळा-अठरा जण बाजूस झाले. बाकीच्यांनी मृत्यूच्या बाजूने कौल दिला. कैद्यांनी रात्र प्रार्थनेत व गीते गाण्यात काढिली. दुसऱ्या दिवशी, ८ मार्च १७८२ रोजी, ९६ जणांस ठार करण्यात आले. त्यांत २८ पुरुष, २९ स्त्रिया व ३९ मुले होती. गाव जाळण्यात आले. शोनब्रुनच्या शेतांवरील मंडळी वेळीच सूचना मिळाल्याने निसटली.

झाइसबर्गर तेथे नव्हता. त्यास पुन्हा डेट्रॉइटकडे नेण्यात येत असता वाटेत, मार्चच्या उत्तरार्धात, त्याच्या कानी ही बातमी आली. ग्नाडेनहुटनमधून फक्त दोन मुलगे जिवंत सुटले होते. एक तळघरात लपलेला. दुसरा डोक्याची कातडी काढली गेली असताही मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिलेला. त्या कत्तलीची आतली हकीगत जगास कळली ती मुख्यतः या मुलांच्या तोंडून. म्हणून मी वर्गात सांगतो, की प्रत्येक नोंदीपुढे विचारावे : हे लिहिणाऱ्याने पाहिले, की ऐकिले? ऐकिले तर कोणाकडून?

मृतांत आयझॅक ग्लिकिकन होता. हा पूर्वीचा नामांकित योद्धा व वक्ता. मिशनऱ्यांस वादात हरविण्यास म्हणून १७६९ साली तो आला, आणि १७७० साली त्यानेच बाप्तिस्मा घेतला. त्याची पत्नीही त्याच्याबरोबर मारली गेली. मंडळीने आपल्या मृतांची नावे नोंदवून ठेविली, मुलांचीसुद्धा. मारणाऱ्यांपैकी कोणासही शिक्षा झाली नाही. विल्यमसन तर पुढे १७८७ साली आपल्या परगण्याचा शेरीफ निवडून आला.

उरलेल्या मंडळीस घेऊन झाइसबर्गर वर्षानुवर्षे ठिकाणे बदलीत राहिला व लिहीत राहिला. १७९८ साली तो त्याच नदीकाठी परतला, जळालेल्या गावांपासून जवळच त्याने गोशेन वसविले आणि १८०८ साली तेथेच देह ठेविला. १७८१ ते १७९८ या वर्षांच्या रोजनिशीचे इंग्रजी भाषांतर १८८५ साली सिनसिनाटीस दोन खंडांत निघाले. त्यापूर्वीची वर्षे, म्हणजे शोनब्रुनची पेरणी, पाऊस आणि साखर, इंग्रजीत छापून येण्यास २००५ साल उजाडावे लागले.