रेडिएटरची गुडगुड

इंग्लंडात ऑक्टोबर सरत आला की घरोघरी हीटिंग सुरू होतं आणि उन्हाळाभर गप्प असलेले पाइप बोलायला लागतात. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंप घरभर फिरवतो. रेडिएटरमधून जाताना ते खोल्या उबदार करतं आणि पुन्हा तापायला परततं. या बंद फेऱ्यात हवा धरली, की ती रेडिएटरच्या माथ्याशी जमते. तिथं पाणी पोचत नाही आणि गुडगुड सुरू होते.

लंडनमधल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावरचा रेडिएटर असाच होता: खाली चटका बसेल इतका गरम, वर गारठलेला. प्लंबर आला, हवा काढली, बॉयलरचं प्रेशर भरलं, पैसे घेऊन गेला. काही आठवड्यांत पुन्हा तीच गुडगुड आणि पुन्हा तोच उपाय. शेवटी दुसऱ्या इंजिनिअरने कार्पेटचा कोपरा उचलला. खालची फळी काळसर ओली होती. व्हॉल्व्हच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं.

दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो. त्याने रेडिएटरचं पोलाद आतून गंजतं. गंजताना काळा गाळ साठतो, हायड्रोजन वायूही सुटतो आणि तोही वर जाऊन अडकतो. म्हणजे नुसतं प्रेशर भरत राहणं हे दुखण्याला खतपाणीच.

हवा काढण्याचं काम मात्र घरच्या घरी जमतं. आधी हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यावा. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी टोकाच्या स्क्रूखाली फडकं आणि वाडगा धरावा, कारण येणारं पाणी काळं असतं आणि कार्पेटवरचा त्याचा डाग सहसा जात नाही. त्या स्क्रूला रेडिएटरची चावी लावून ती घड्याळाच्या उलट दिशेने जेमतेम पाव ते अर्धा फेरा फिरवावी. स्क्रू पूर्ण काढू नये. फुस्स आवाज थांबून पाण्याची धार लागली, की लगेच बंद. सुरुवात खालच्या मजल्यापासून करावी. जवळ सिगारेट वा मेणबत्ती नको: आत हायड्रोजन असू शकतो.

मग प्रेशरचा काटा बघावा. यंत्रणा गार असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर हवा. उतरला असेल तर बॉयलरखालच्या जाळीदार नळीचे दोन्ही कॉक हळूहळू उघडून पाणी भरावं आणि आठवणीने दोन्ही बंद करावेत. 3 बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर पडतं. प्रेशर सारखं उतरत असेल, तर पाणी भरत बसू नये, गळती शोधावी.

प्रत्येक आवाज हवेचाच असतो असंही नाही. हीटिंग सुरू होताना वा बंद होताना फळ्यांखाली टकटक झाली, तर तांब्याचे पाइप प्रसरण पावून लाकडाला घासत असतात. रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल, तर तळाशी गाळ बसलाय. तिथं हवा काढून काही होत नाही, यंत्रणा धुवावी लागते आणि मग पाण्यात गंजरोधक घालावं लागतं. बॉयलरच किटलीसारखा खदखदत असेल, तर बहुधा आत क्षारांचा थर धरलेला असतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड असल्याने तिथं हे बरंच आढळतं.

बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नये. ब्रिटनमध्ये गॅसवरच्या बॉयलरचं काम करायला ‘गॅस सेफ’ची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, 2009 मध्ये तिने जुन्या ‘कॉर्गी’ नोंदणीची जागा घेतली. इंजिनिअर दारात आला, की त्याचं ओळखपत्र मागून घ्या आणि उलटून पाहा. कोणत्या उपकरणाचं काम करायला तो पात्र आहे, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.