डायरीतली झोप

शेवटच्या दिवशी पाळणाघरवाल्या काकूंनी दारातच मला ऐकवलं, ‘‘बाकी कुणाची तक्रार नाही. तुमचीच मुलगी वेगळी आहे.’’ माझी मुलगी वेगळी नाही. सव्वादोन वर्षांच्या कुठल्याही पोरीसारखी तीही दमली की झोपते आणि झोप झाली की उठते. हे मी कित्येक महिने सांगत होते आणि उलट मलाच शहाणपण शिकवलं जात होतं.

डायरीत रोज एकच नोंद असायची: जेवण साडेबारा, झोप एक ते चार. शिवाय व्हॉट्सॲपवर गाढ झोपलेल्या लेकीचा फोटो. संध्याकाळी मी घ्यायला जायचे तेव्हा मात्र तिचे डोळे लाल, चप्पल घाल म्हटलं तरी भोकाड. रिक्षात बसताक्षणी मांडीवर डोळा लागायचा. मग तासाभराने उठली की रात्री साडेअकरा-बारापर्यंत टक्क जागी. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, ‘‘आमच्याकडे तीन तास मस्त झोपते. रात्रीचं तुम्ही बघा. घरी मोबाईल देत असाल.’’ आम्ही मोबाईल देत नव्हतो. पण काकू वीस वर्षं मुलं सांभाळतायत म्हटल्यावर घरात सासूबाईंनाही त्यांचंच खरं वाटायला लागलं.

डॉक्टरांना डायरी दाखवली. ते म्हणाले, दुपारची झोप जास्त होतेय, ती कमी करायला सांगा आणि रात्री थोडं उशिरा झोपवा. त्यांचं काही चुकलं नाही, समोर जे लिहिलेलं होतं त्यावरून त्यांनी सांगितलं. या वयाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारचे तीन तास हिशेबात धरले तर रात्रीचे आठ-नऊ पुरेसे वाटतात. पण ते तीन तास नुसते कागदावरच असतील तर? आधीच झोप अपुरी पडलेल्या पोरीला एका खोट्या नोंदीपायी रात्री आणखी जागवलं गेलं. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रविवारी घरी ती जेवून एकच्या सुमारास झोपायची, दीड तासाने आपली आपण उठायची आणि रात्री नऊला गुडुप. मी हे काकूंना सांगितलं. त्या हसल्या. ‘‘घरी लाड असतात हो,’’ म्हणाल्या.

त्याच सुमारास लेकीचा एक खेळ सुरू झाला. बाहुलीला उशीवर पालथं घालायचं, तिच्या पाठीवर हात दाबून धरायचा आणि बोट नाचवत म्हणायचं, ‘‘डोळे मीट. उठायचं नाही. बुवा येईल.’’ आमच्या घरात बुवाचं नाव कुणी काढत नाही.

एका मंगळवारी मला ताप होता म्हणून मी घरी होते. दीडच्या सुमारास फोनवर नेहमीसारखा फोटो आला. फोटोत लेकीच्या अंगावर पिवळा फ्रॉक, खिशावर बदक. मी मान वर केली. तोच फ्रॉक समोर गॅलरीत दोरीवर वाळत होता, सकाळी मीच पिळून टाकलेला. त्या दिवशी मी तिला निळ्या टी-शर्टमध्ये पाठवलं होतं.

तशीच उठले आणि गेले. बराच वेळ बेल वाजवल्यावर पाळणाघरातल्या मदतनीस मावशींनी दार जेमतेम अर्धं उघडलं. आत पडदे ओढलेले, टीव्हीवर बारीक आवाजात मालिका चाललेली आणि सतरंजीवर ओळीने मुलं. काही खरंच झोपलेली होती. माझी लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली, डोळे सताड उघडे, सतरंजीचा धागा बोटाभोवती गुंडाळत. मला बघून ती धावत आली नाही. आधी तिने काकूंकडे बघितलं, उठू का म्हणून.

काकूंना ना संकोच, ना काही. ‘‘एक उठलं की सगळी उठतात. पडून राहायची सवय लागायलाच हवी.’’ आणि फोटो? ‘‘ते मावशी टाकतात, त्यांना विचारा.’’ दोन बायका आणि डझनभर मुलं, दुपारी त्यांनाही पाठ टेकायला हवी, हे मला कळतं. तसं सरळ सांगितलं असतं तर मी लेकीसाठी चित्रांची पुस्तकं देऊन ठेवली असती. पण रोज खोटं लिहायचं आणि वर दोष आईच्या माथी मारायचा, हे मी माफ करणार नाही.

म्हणून ज्यांची मुलं आज पाळणाघरात आहेत त्यांना सांगते. ‘झोपते का?’ असं मोघम विचारू नका. तीन वेळा लिहून मागा: अंथरुणावर किती वाजता घातलं, डोळा किती वाजता लागला, जाग किती वाजता आली. रोज तिन्ही आकडे तेच येत असतील तर ती नोंद खरी नाही, कारण कुठलंही मूल घड्याळ लावून झोपत नाही. दोन-तीन सुट्टीच्या दिवसांची घरची झोप स्वतः लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही कागद न्या. फोटोवर विसंबू नका.

प्रवेश घेतानाच विचारा, ‘न झोपणाऱ्या मुलाचं दुपारी काय करता?’ दीड वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं दिवसातून एकदाच झोपायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी काहींची तीही झोप सुटते. अशा मुलांसाठी कोपऱ्यात पुस्तकं-ठोकळे आहेत का, ते डोळ्यांनी बघा. भेट संध्याकाळी नको, दुपारी दोनला द्या, न कळवता. ‘पालकांनी दुपारी यायचं नाही’ असा नियम असेल तर तिथे मूल ठेवू नका. मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाता येतं. फ्लॅटमधल्या खासगी पाळणाघराला तो नियम लागू नाही, पण भेटीची मुभा आपण अट म्हणून घालू शकतो.

मूल एकाएकी जास्त झोपायला लागलं, उठल्यावरही पेंगत राहिलं, तर औषध दिलं का, हे स्पष्ट विचारा. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्ये बजावलं आहे. तुमच्या लेखी परवानगीशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

इतर आयांशी बोलत राहा. मुलांच्या खेळाकडे लक्ष ठेवा. भांडायची वेळ आलीच तर मूल कडेवर असताना नको, मेसेज लिहा म्हणजे पुरावाही राहतो.

आता लेक दुसरीकडे जाते. तिथल्या ताई कधी कधी ‘आज झोपली नाही’ असं लिहितात. त्या दिवशी साडेसातलाच वरणभात भरवून मी तिला झोपवते आणि ती झोपते. आधीच्या काकूंकडचं डिपॉझिट मात्र अजून आलेलं नाही. महिनाभर आधी सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पावतीवर तशी अट कुठेच नाही, म्हणून मी ते सोडलेलं नाही. तुम्ही पैसे भरतानाच सोडण्याची अट पावतीवर लिहून घ्या, सहीसकट.