ईसीएम बदलण्याआधी

प्रश्न : पावसात गाडी अधूनमधून बंद पडते, स्कॅनरवर पी०६०६ कोड येतो. मेकॅनिक ईसीएम (इंजिन कंट्रोल मॉड्यूल) बदला म्हणतो. बदलावा का?

उत्तर : लगेच मुळीच नको. हा कोड ईसीएमच्या प्रोसेसरकडे बोट दाखवतो खरा. पण उतरलेली बॅटरी किंवा गंजलेली अर्थिंगही तो आणू शकते. म्हणून आधी हे दोन्ही तपासावे; बंद गाडीत चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

मग ईसीएमकडून सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मोजावा. तो गायब असेल, तर सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढावेत. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. निर्दोष ईसीएम बदलून हजारो रुपये वाया जातात ते इथेच!

त्रास पावसात होतो, म्हणून ईसीएमच्या पिनाही पाहाव्यात; त्यांवर हिरवट थर म्हणजे ओल शिरल्याची खूण.

बदलायचाच ठरला, तर पार्ट नंबर तंतोतंत जुळवावा आणि इमोबिलायझरशी (चोरीरोधक यंत्रणेशी) प्रोग्रॅमिंग करून घ्यावे. त्याशिवाय बऱ्याच गाड्या सुरूच होत नाहीत.